खाण उघडणार म्हणे!

(युवक अभ्यासवर्गातलं भाषण)



आज इंग्लंडातल्या एका कोळसाखाणीवर बोलणार आहे. मागच्या बाकावरचे हसतायत. त्यांचं म्हणणं, इथं आमच्या नोकरीची पंचाईत आणि हा साहेबाच्या देशातला कोळसा उगाळतोय. कोळसा उगाळावा तितका काळाच. पण उगाळू द्या. त्यात आपलंही तोंड दिसेल.

तारीख ध्यानात ठेवा. १५ ऑगस्ट १९४७. इकडं झेंडा वर जात होता. त्याच दिवशी कंब्रियातल्या व्हाइटहेवन गावी, विल्यम खाणीत, स्फोट झाला. समुद्राखालच्या बोगद्यात १०४ कामगार मेले. त्याआधी १९१० साली तिथल्याच वेलिंग्टन खाणीत १३६ माणसं आणि पोरं गेली. लाउदर घराण्यानं या कोळशावर गाव आणि बंदर वाढवलं. अठराव्या शतकात याच बंदरातून गुलामांच्या व्यापाराची जहाजंही सुटली. मालकाची तिजोरी भरली, कामगाराची छाती काळी झाली. १९८६ ला हेग ही गावातली शेवटची खाण बंद पडली.

१९१३ साली ब्रिटनमध्ये २८ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला. खाणकामगार दहा लाखांवर होते. १९८४-८५ चा वर्षभराचा संप थॅचरबाईंनी मोडून काढला आणि २०१५ च्या डिसेंबरात केलिंग्ली ही शेवटची खोल खाण मिटली.

अशा गावात एक कंपनी येते. म्हणते, खाण उघडतो. वर्षाला सुमारे २७ लाख ८० हजार टन कोळसा, तोही वीजघरासाठी नाही, पोलादाच्या भट्टीसाठी. आणि ५०० नोकऱ्या. ७ डिसेंबर २०२२ ला मंत्री मायकेल गोव्ह यांनी मंजुरी दिली. गावातले पुष्कळ लोक खूश झाले. त्यांना मूर्ख म्हणू नका. ज्याच्या घरी पगार येत नाही, त्याला ५०० हा आकडा केवढा दिसतो, ते पोट भरलेल्याला कळणार नाय.

पण माल घेणार कोण? हा साधा भाजीवाल्याचा सवाल आहे. ब्रिटनमध्ये कोळशावरच्या मोठ्या भट्ट्या दोनच ठिकाणी होत्या, पोर्ट टॅलबट आणि स्कन्थॉर्प. कोळशात गंधक जास्त, हीही अडचण होती. म्हणून ८५ टक्के माल बाहेर विकायचा बेत होता. आणि बाहेर युरोपातले कारखानेही कोळसा सोडायच्या वाटेला लागलेले. स्वीडननं २०२१ मध्ये हायड्रोजन वापरून पोलाद करून दाखवलं. कंपनीला खाण चालवायची होती २०४९ पर्यंत!

पोर्ट टॅलबट कुणाचं? आपल्या मुंबईच्या टाटांचं. ३० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी तिथली शेवटची कोळसाभट्टी विझवली. त्याच दिवशी रॅटक्लिफ हे ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजघरही बंद झालं. टाटांनी भंगार वितळवणारी विजेची भट्टी घ्यायचं ठरवलं, सरकारनं ५० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. पण नवी भट्टी उभी नसताना जुनी विझली आणि दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या. हे विसरू नका. कोळसा गेला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यानं त्या कामगाराच्या घरी जाऊन वाजवाव्यात.

खाणवाल्यांची एक बाजू वजनदार होती. पोलादाला आज कोळसा लागतोच, तो अमेरिकेतून आणण्यापेक्षा घरचा काढा, म्हणजे धूर वाढणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण इथं खणलं म्हणून अमेरिकेतला मालक फावडं खाली ठेवतो का? तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो. माल वाढतो, भाव पडतो, धूर दुप्पट. १३ सप्टेंबर २०२४ ला लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती होलगेट यांनी मंजुरी रद्द केली. या खाणीनं प्रदूषणात भर पडणार नाही, हे गृहीतच कायद्यात बसत नाही, असं ठरलं. २०२५ मध्ये कंपनीनं अर्जच मागं घेतला.

म्हणजे जिंकलो? थांबा. ते ५०० पगार कुठं गेले?

माझा बाप गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले. त्यानंतर कितीतरी वर्षं बाप सकाळी उठून गेटपर्यंत जायचा. कुणीतरी सांगायचं, उघडणार म्हणे. बाप पास खिशात ठेवायचा. तो पास अजून आईच्या ट्रंकेत आहे. गिरणी उघडली नाय. तिथं आता काचेचा टॉवर आहे आणि आमच्यातली पोरं त्याच्या दारात वॉचमन आहेत.

म्हणून म्हणतो, बुडत्या धंद्याची खोटी आशा हा सुद्धा जुलूमच आहे. आशा लावणारा मालक पैसे काढून निघून जातो, गेटवर उभा राहतो तो कामगार. पण नुसतं 'खाण नको' म्हणणं हे अर्धं बोलणं झालं. उरलेलं अर्धं आपण बोलायचं. बंद करायच्या आधी दुसरं काम उभं करा. त्याच गावात करा, त्याच हातांना द्या, पगार कमी करू नका, आणि हे सगळं लेखी द्या.

इकडंही एक दिवस चंद्रपूर-वणीच्या पट्ट्यात हा सवाल येणार. तेव्हा कुणी येऊन म्हणेल, उघडणार म्हणे. त्याला पहिलं विचारा, माल घेणार कोण? आणि दुसरं विचारा, बंद झाल्यावर आमचं काय? या दोन्हींचं उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय पास खिशात ठेवू नका.