तिळ्यांची आई

'जुळे' हा शब्द आपल्या घरोघरी रुळलेला आहे. 'तिळे' हा मात्र बहुतेकांनी कोशातच पाहिला असेल. मी मराठी शिकवून पोट भरतो. तरी तो शब्द मी मोठ्याने प्रथम उच्चारला तो 2018 साली, धाकट्या बहिणीच्या सोनोग्राफीचा कागद हाती आला तेव्हा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जोडकेळं खाल्लं असेल हो हिनं!" मी म्हटले, "काकू, जोडकेळ्यात दोनच असतात."

हेलिन नावाच्या डॉक्टराने 1895 साली एक हिशेब मांडला होता. जुळे साधारण 89 बाळंतपणांत एकदा, आणि तिळे 89 गुणिले 89, म्हणजे जवळजवळ आठ हजारांत एकदा. मूल व्हावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या उपचारांनी तो हिशेब पुढे बिघडवला. बहिणीनेही लग्नानंतर नवव्या वर्षी असेच उपचार घेतले होते.

अकराव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिला व मेहुण्यांना समोर बसवून सांगितले, की तिघे पोटात पुरे दिवस राहणे कठीण. एक गर्भ कमी केला तर उरलेल्या दोघांना जास्त दिवस मिळण्याचा संभव आहे. मात्र त्यातही धोका आहेच. विचार करून सांगा. बाईंनी काही लपवले नाही, दडपणही आणले नाही. घरी आल्यावर बहीण मला म्हणाली, "दादा, आणि त्यातला कुठला, हे कोण ठरवणार?" मला उत्तर देता आले नाही. आठ दिवसांनी तिने तिघेही ठेवायचे ठरवले. दुसऱ्या कुणी निराळे ठरवले असते, तर तिलाही मी नावे ठेवली नसती.

पुढचे दिवस कसे गेले ते आपल्यासारख्या पुरुषांना ऐकूनच कळायचे. पोट असे वर चढलेले, की अर्ध्या भाकरीवर जेवण संपे. मग दर दोन तासांनी नाचणीची पेज, उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे. लोहाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, रक्तदाबावर डोळा. उताणे निजले की जीव घाबरा होई, म्हणून चार उशा लावून कुशीवर. कागदावर बाळांना अ, ब, क अशी अक्षरे होती. मुलगा की मुलगी हे सांगणे आपल्याकडे 1994 च्या कायद्याने बंद. तेव्हा बहिणीने आपलीच नावे पाडली : वरचा, डावीकडचा आणि गप्प. गप्प तासभर हलला नाही, की ती घड्याळ घेऊन बसे.

आईने सातव्या महिन्यात डोहाळजेवण योजले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हिचा सातवा म्हणजे नववाच समजा." हिरवी साडी ट्रंकेतच राहिली.

बत्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. बाळांची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने दिली, आणि पुढे शस्त्रक्रिया झाली. वजने 1600, 1450 आणि 1250 ग्रॅम. तिसरी तो 'गप्प'. ती मुलगी निघाली, आणि रडली मात्र सगळ्यांत मोठ्याने.

उबपेटीतून बाहेर आल्यावर लहानग्यांना मोठ्या माणसाच्या उघड्या छातीशी बांधून ठेवतात. ही रीत 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरी सुरू झाली. तिथे उबपेट्या अपुऱ्या होत्या. आईची छाती एक आणि बाळे तीन. एक मेहुण्यांकडे गेले, एक माझ्याकडे. वर्गात साठ मुलांपुढे न घाबरणारा मी, सदऱ्याची बटणे काढून दोन तास श्वास जपून बसलो होतो.

दोघे आधी घरी आले, मुलगी एकोणीस दिवसांनी. तोवर बहीण दूध काढून बाटलीत घेई आणि दवाखान्यात जाई. घरी दोघे रडत, तिथे एक. मुलगी आली त्या दिवशी आईने उंबऱ्यात तिसऱ्यांदा भाकरतुकडा घेतला. या वेळी तिने तो आधी लेकीवरून ओवाळला, आणि मग नातीवरून.