कापसाचा भाव कुठे ठरतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवात, सप्टेंबर २०२५ मध्ये केलेले भाषण)



यंदा गणपती बसले २७ ऑगस्टला. त्याच दिवसापासून अमेरिकेत बहुतेक भारतीय मालावर जादा ५० टक्के कर लागू झाला. बांगलादेशच्या मालावर जादा कर २० टक्के. तिरुपूरचा आणि ढाक्याचा बनियन एकाच दुकानात टांगला, तर गिऱ्हाईक कोणता घेईल?

आम्हा पांढुर्णा-सौंसरकरांना वाटते, आपला संत्रा भला, आपला कापूस भला. पण आपली रुई सूत होऊन बांगलादेशातही जाते. त्या देशात कापूस नावापुरताच पिकतो, तरी त्याच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त तयार कपडे आहेत. हे घडवले नियमांनी. १९७४ च्या करारात श्रीमंत देशांनी एकेका देशाच्या कपड्यांचा कोटा बांधला. कोरियाला कोटा अपुरा पडू लागला. तेव्हा तिथल्या देवू कंपनीने कोटा नसलेल्या बांगलादेशात ‘देश’ कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० माणसे कोरियात नेऊन शिकवली. २००५ ला कोटा संपला, तरी धंदा टिकला, कारण गरीब देश म्हणून युरोपात कर माफ. २०११ पासून तर कापड कुठलेही असो, शिलाई तिथली असली की पुरे. आता नोव्हेंबर २०२६ मध्ये तो देश गरिबांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. युरोपची सवलत पुढे तीन वर्षे राहील.

एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या सुताला खुष्कीचा मार्ग बंद केला, मे महिन्यात आपण त्यांच्या कपड्यांना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव करतात तीच गोटमार, फक्त कागदाने!

इकडे गिरण्यांना आधार म्हणून सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केला. गिरण्यांची अडचण खरी आहे. पण आपली वेचणी दसरा-दिवाळीची, म्हणजे नेमकी त्याच मुदतीत. आमच्या मते ही वेळ चुकली.

तेव्हा आधार उरतो हमीभावाचा. लांब धाग्याला तो ८,११० रुपये क्विंटल आहे. कापूस महामंडळाला विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर ३० सप्टेंबरपर्यंत नोंदणी हवी, त्यात जमिनीचा कागद लागतो. मक्त्याने वावर करणाऱ्यांनी मालकाशी आजच बोलावे. ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर माल घेत नाहीत, म्हणून दवातला कापूस वाळवूनच गाडीत भरा.