घरपोच अन्न आणि मालकाची जबाबदारी

वही शेजारच्या मुलाहातीं पाठविली म्हणून तिच्यांतील चुका त्याच्या होत नाहींत. भोजनगृहाच्या मालकांनीं हें ध्यानीं ठेवावें. अन्न परकी कंपनी घरपोच करते. परंतु २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें, स्वतः वा आपल्या वतीनें दुसऱ्याकरवीं विकलेल्या अन्नानें ग्राहक दगावल्यास विक्रेत्याकडून निदान ५ लाख रुपये भरपाई देववितां येते. वाहकाच्या दुचाकीचा विमा येथें कामाचा नाहीं. तो रस्त्यावरील अपघातापुरता. म्हणून आपल्या दायित्वविम्यांत अन्नविषबाधा व घरपोच विक्री स्पष्ट लिहून घ्यावी. करारांतील भरपाईचें कलम वाचूनच सही करावी. डबा मोहोरबंद करून वेळ टिपावी. दोष चुलीचा कीं वाटेचा, हें ठरविण्यास तोच आधार. हप्ता जड वाटतो. पण एका डब्यापायीं जन्माची कमाई गमावणें त्याहून जड.