भूमीचा कायदा आणि समाजाचा कायदा



गेल्या महिन्यात माझ्या नातीच्या विवाहाची नोंदणी करावयाची होती. तिने विचारले, "आजोबा, कर सरकारकडे भरायचा, वाहनाचा परवाना सरकारकडून घ्यायचा, मग लग्नासाठीच रब्बींच्या कचेरीत का जायचे?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर पाचशे वर्षे मागे जाते.

माणसांवर राज्य करण्याच्या दोन रीती जुन्या आहेत. एकीत सीमा आखली जाते आणि तिच्या आत राहणाऱ्या सर्वांना एकच कायदा लागू होतो. दुसरीत कायदा भूमीला नव्हे, माणसाच्या समाजाला बांधलेला असतो. उस्मानी तुर्कांनी १५१६ साली यरुशलेम घेतले व पुढील चारशे वर्षे ही दुसरी रीत चालविली. सैन्य आणि कर सुलतानाचे. पण यहुदी, ग्रीक ख्रिस्ती, आर्मेनियन यांचे विवाह व घटस्फोट त्यांच्या त्यांच्या धर्मपीठांकडे. या व्यवस्थेला पुढे 'मिल्लत' हे नाव पडले. इंग्रजांनी १९२२ च्या हुकुमाने ती बरीचशी तशीच राखली. १९५३ साली इस्रायलने कायदा करून येथील यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले. द्रूझ लोकांना मात्र स्वतंत्र धर्मसमाज म्हणून मान्यता मिळण्यास १९५७ साल उजाडावे लागले.

कोकणात आपल्या पूर्वजांनाही ही रीत परकी नव्हती. जंजिऱ्याचे सिद्दी, आंग्रे, पेशवे, इंग्रज असे राज्यकर्ते बदलले, तरी सोयरीक आणि घरातील तंटे मशिदीतच मिटत. (सिनेगॉगला तेव्हा आपण मशीदच म्हणत असू, हे तरुणांना सांगावे लागते.) मुकादम, चौगुला आणि काझी बसत व निवाडा देत. स्वतंत्र भारतात १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू झाला नाही. आपले विवाह रूढीवरच राहिले. परंतु तेथे आणखी एक दार होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही धर्माच्या स्त्रीपुरुषांना सरकारी नोंदणीने लग्न करता येई. आपल्यातील फार थोडे त्या दाराने गेले असतील. पण दार असणे वेगळे आणि नसणे वेगळे.

कायदा समाजाला बांधला, की वेशीवर कोणाला तरी बसावे लागते आणि हा आपला, तो परका, हे ठरवावे लागते. कोकणातील मुकादमाला तुमची पणजी कोणाची लेक हे ठाऊक असे. येथील नोंदणी करणाऱ्याला ते कोठून कळणार? १९६२ साली सूचना निघाल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडील पिढ्या शक्य तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला म्हणून कोकणाने ज्यांना 'शनवार तेली' म्हटले, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमच्या रस्त्यावर बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. रेडिओवर ती बातमी आली, तेव्हा वडील उभे राहून ऐकत होते. त्यानंतर सूचनांतून आपले नाव गेले व संशय असेल त्या कोणाचीही चौकशी करावी, अशी सर्वसाधारण भाषा आली.

हे सांगताना मला रब्बींचा अनादर करावयाचा नाही. समाजाने आपले विधी स्वतः सांभाळावेत, या मताचा मी आहे. आपण दोन हजार वर्षे टिकलो असे जे मानतो, ते त्याच बळावर. परंतु ज्याचे पूर्वज कागद न करता मेले, त्याच्यासाठी दुसरे दारही असावे. आज ते दार सायप्रसमध्ये आहे. तेथे केलेल्या विवाहाची नोंद आपले सरकार करते, हे मी नातीला सांगितले. तिने येथेच लग्न करावयाचे ठरविले.

कचेरीत तिच्याकडे आजीआजोबांच्या लग्नाचा कागद मागितला. आमचा केतुबा कपाटात, साडीच्या घडीत सापडला. मुंबई, पनवेल, अलिबाग येथून आणलेले असे जुने केतुबे आपल्यापैकी ज्यांच्या घरी असतील, त्यांनी कृपया येत्या आठवड्यात ते येथे आणावेत. त्यांच्या दोन प्रती काढून एक सिनेगॉगच्या कपाटात ठेवू. मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल.