खलनायकाची कैफियत

(नभोवाणी-भाषण)

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पूर्वेकडील दरवाजा म्हणजे पाणीगेट. या कोटाच्या आसऱ्याने वाढलेल्या नगरात सतराव्या शतकात प्रेमानंद हा गुजराती आख्यानकवी होऊन गेला. बोटांतील अंगठ्यांनी तांब्याच्या घागरीवर ताल धरून माणभट्ट पुराणकथा गात, त्या परंपरेतील हा थोर कवी. रामरावण-युद्धावर त्याने ‘रणयज्ञ’ रचला. पुढे याच नगरातील प्राच्यविद्यामंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. कथा नव्याने सांगणे आणि मूळ संहिता पारखून घेणे, असे दोन्ही वारसे येथे नांदले.

आजच्या कादंबरीकारांनी पुराणांतील खलांना बोलते केले आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर दुर्योधनही आपली बाजू स्वतः मांडतो. शरद तांदळे यांच्या ‘रावण राजा राक्षसांचा’ या कादंबरीत रावणच आपली कहाणी सांगतो. यात गैर काही नाही. मात्र प्रेमानंदाच्या श्रोत्यांना मूळ कथा ठाऊक असे. कवीने कोठे भर घातली, हे त्यांना उमगे. आजच्या तरुण वाचकाला पुष्कळदा कादंबरीच प्रथम भेटते. म्हणून लेखकाची जबाबदारी वाढली आहे.

वाल्मीकीने ती कशी पेलली? सुंदरकांडात बंदिवान मारुतीला रावणापुढे उभे करतात. शत्रूचे रूप, धैर्य आणि तेज पाहून तो थक्क होतो. याच्या ठायी अधर्म एवढा प्रबल नसता, तर हा देवलोकाचाही रक्षणकर्ता झाला असता, असे त्याच्या मनात येते. रावणवधानंतर, मरणाबरोबर वैर संपले, असे सांगून राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करावयास लावतो. खलाची थोरवी कवीने लपविली नाही. परंतु अशोकवनातील सीतेचे दुःखही त्या थोरवीखाली झाकू दिले नाही.

नव्या कादंबरीचा कस येथेच लागतो. आनंद नीलकंठन यांच्या ‘असुर’ या इंग्रजी कादंबरीत (२०१२) रावणाबरोबर भद्र नावाचा एक सामान्य असुरही बोलतो. राजाच्या महत्त्वाकांक्षेची किंमत प्रजेला कशी मोजावी लागली, हे त्याच्या तोंडून कळते. कर्णकथा लिहितानाही हेच पाहावे लागेल. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला कर्णाच्या दानशूरतेने उत्तर मिळत नाही.

आणि कर्णाला तरी अशी सुटका कोठे हवी होती? उद्योगपर्वात तो कृष्णापाशी कबूल करतो, की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कठोर बोललो, आणि त्या कृत्याचा मला आज पश्चात्ताप होतो. या कबुलीने कर्ण मोठा होतो. त्याला सर्वस्वी निर्दोष ठरविणारा लेखक ते मोठेपण त्याच्यापासून हिरावून घेतो.

खलाची कैफियत कादंबरीकाराने अवश्य लिहावी. मात्र फिर्यादीलाही त्याच सभेत उभे राहू द्यावे.