बेस वाजला की ॲम्प बंद!

दिवसभर मी कोडमधले बग शोधतो, आज गाडीतला बग. मित्राच्या गाडीत आवाज वाढवला की सबवूफरचा ॲम्प बंद, प्रोटेक्टचा लाल दिवा चालू. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या."

थांबा! प्रोटेक्ट म्हणजे ॲम्प जळालाच असं नाही. बऱ्याचदा तो स्वतःला वाचवत असतो. मी इंजिन चालू ठेवून ४० हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर जेमतेम १०! मग एक पिन ॲम्पच्या मायनसवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. तिथेच ३ व्होल्ट दिसले. म्हणजे लोचा ग्राउंडमध्ये. वायर बॉडीच्या रंगावरच कसली होती. रंग खरवडला, पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. झालं, खर्च शून्य!

व्होल्टेज ठीक असेल तर ओहम बघा. ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरललमध्ये २ ओहम होतात, प्रत्येक ॲम्पला ते झेपत नाही.

आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज? अजिबात नको. बॅटरीजवळचा फ्यूज वायरला वाचवतो. तो उडाला नाही तर वायर तापते, गाडी पेटू शकते. आधी मोजा, मगच पाकीट काढा. भेटूया!