सातबारा आणि मालकी

जमिनींत पैसा गुंतवूं पाहणारा गृहस्थ सातबाऱ्यावर विकणाराचें नांव पाहतो व निश्चिंत होतो. परंतु सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात. तिनें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलें आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दस्त नोंदला जातो. विकणाराचा हक्क त्यामुळें सिद्ध होत नाहीं.

समजा, वाटणी न झालेली वडिलार्जित जमीन दोघे भाऊ आज विकीत आहेत. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला. त्या वेळीं वडील हयात असण्याची जरुरी नाहीं, असा निर्णय २०२० सालीं झाला. बहिणीचें नांव उताऱ्यावर नसलें, तरी तिचा हिस्सा राहतोच. ती न्यायालयांत गेली, तर पैसा अडकतो तो घेणाराचा. आणि तिचें गाऱ्हाणें खोटें नसतें.

म्हणून इसार देण्यापूर्वीं ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा, जुने फेरफार वाचावेत, वंशावळ पाहावी, वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यावी. विकणाराजवळ जें नाहीं, तें खरेदीखतानें आपणांस मिळत नाहीं.